मोहफुलं वेचताना या चुका टाळा

मार्च-एप्रिलमध्ये गडचिरोली, चंद्रपूरकडच्या गावांत घरंच्या घरं मोहाखाली असतात. या हंगामात सगळ्यात जास्त नुकसान करते ती झाडाखाली लावलेली आग. पाचोळा जाळला की जमीन साफ होते आणि फिकट पिवळी फुलं पटकन दिसतात, म्हणून काडी ओढली जाते. पण ती आग झाडापुरती थांबत नाही, वाऱ्याबरोबर जंगलात शिरते. बुंधा दरवर्षी भाजला की पोखरतो. खाली उगवलेली मोहाची रोपं तर पहिल्याच झळीत मरतात. कित्येक गावांत म्हातारे मोह आहेत, तरणे दिसतच नाहीत, त्याला ही आगही कारण आहे. पाचोळा झाडून बाजूला करा, नाहीतर फांद्यांखाली जाळी बांधा. जाळीवरचं फूल मातीत पडत नाही, त्यामुळे त्याला भावही बरा मिळतो.

अंधारात एकट्याने जाऊ नका. अस्वलालाही मोह आवडतो, आणि वाकून वेचणारा माणूस जनावराला माणूस वाटत नाही. चंद्रपूर भागात या दिवसांत वाघाच्या हल्ल्यात माणसं गेली आहेत. फुलं सकाळीही गळत राहतात, तेव्हा उजाडू द्या, चौघं मिळून जा, बोलत राहा.

फांद्या झोडपण्याचं तर काहीच कारण नाही. गळतं ते फुलाचं गोड, मांसल दळ. फळ धरणारा भाग देठावरच राहतो. झोडपलं की तोही जातो, आणि मग टोळीही गेली, म्हणजे ज्याच्या बीचं तेल काढतात ते मोहाचं फळ.

ओल्या फुलात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं. ती ढिगाने ठेवली की आंबतात. ताडपत्रीवर पातळ पसरा, लालसर-तपकिरी होईपर्यंत वाळवा. मूठ आवळून सोडल्यावर गोळा झाला तर अजून ओल आहे. साखर भरपूर असल्याने पावसाळी हवेत ती पुन्हा ओल धरतात, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. लाडवाला, भाकरीला घेण्याआधी आतले केसर काढून टाका.

हिरड्यांसाठी सालीच्या काढ्याच्या गुळण्या करतात. साल काढताना बुंध्याभोवती पूर्ण कडं सोलू नका, झाड वाळतं.

रोपं करायची असतील तर बी पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नका. मोहाचं बी वाळलं की उगवत नाही. पिकलेलं फळ पडलं की त्याच आठवड्यात बी पिशवीत लावा.