जाहिरातीतील हात कोणाचे? चित्र वाचण्याची एक रीत

जाहिरातीचे चित्र वाचायला शिकण्यासाठी फारसे साहित्य लागत नाही. साबणाची, चहाची, मसाल्याची रिकामी वेष्टने, वर्तमानपत्रातून आलेली दोन-चार पत्रके, दुकानदाराने दिवाळीत दिलेले कॅलेंडर आणि एस.टी. स्थानकाजवळच्या मोठ्या फलकाचा मोबाइलवर काढलेला फोटो एवढे जमवले, तरी दोन तासांची बैठक सहज होते. रत्नागिरी तालुक्यातील महिला बचत गटांबरोबर मी गेली काही वर्षे अशा बैठका घेत आहे. त्यांतून हळूहळू ठरत गेलेली रीत येथे लिहीत आहे. शाळेतील वरच्या वर्गांना, ग्रंथालयातील वाचकांना किंवा घरातल्या चार माणसांनाही ती वापरता येईल.

पहिली अट अशी, की जाहिरातीतील सर्व शब्द आधी झाकून टाकावेत. वस्तूचे नाव, भाव, घोषवाक्य, कोपऱ्यातील बारीक अक्षरे, सगळ्यांवर कागदाच्या पट्ट्या ठेवाव्यात. शब्दांशी आपण मनातल्या मनात वाद घालू शकतो. ‘सात दिवसांत उजळ त्वचा’ असे वाचले की खरे का खोटे, हा प्रश्न आपोआप येतो. चित्राच्या बाबतीत तो येत नाही, कारण चित्र दावा करीत नाही, ते नुसते दाखवते. गॅसच्या शेगडीसमोर हसरी बाई उभी आहे आणि मागे टेबलावर नवरा व मुले ताटाची वाट पाहत आहेत, अशा चित्रात ‘स्वयंपाक बाईनेच करायचा असतो’ हे वाक्य कोठेही लिहिलेले नसते. तरी ते पाहणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला नेमके कळते. शिवाय असे चित्र एकदाच दिसत नाही. रॉबर्ट झायॉन्क या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिले, की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर येत राहिली तरी तिच्याविषयी आपल्याला आपलेपणा वाटू लागतो. जाहिरातदार एकच चेहरा वेष्टनावर, फलकावर, दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलवर का दाखवत राहतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी यात आहे. त्या चेहऱ्याबरोबर त्याच्या भोवतीची घराची मांडणीही ओळखीची होते, आणि ओळखीचे झालेले हळूहळू योग्य वाटू लागते.

शब्द झाकले, की चेहऱ्याकडे न पाहता आधी हात पाहावेत. माझ्या मते संपूर्ण रीतीतील ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि तिला निम्मा वेळ दिला तरी चालेल. आर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने छापील जाहिरातींमधील स्त्री-पुरुषांचा जो अभ्यास १९७० च्या दशकात केला, त्यात त्याने हातांकडे विशेष लक्ष वेधले होते. पुरुषाचा हात वस्तू घट्ट पकडतो, ती उचलतो, वापरतो. बाईचा हात मात्र त्याच वस्तूवरून अलगद फिरतो, तिच्या कडेला बोट लावतो किंवा स्वतःच्याच गालाला स्पर्श करतो. आपल्या समोरच्या वेष्टनांवर हा फरक शोधावा. बाईच्या हातात वस्तूचा भार आहे का, बोटे वाकली आहेत का, मनगटावर ताण आहे का, असे एकेक विचारत जावे.

नंतर आपले हात त्या चित्राशेजारी ठेवावेत. किनाऱ्यावरील बायकांचे हात काय काय करतात, याची यादी प्रत्येकीने सांगावी: काजूची बी फोडणे, रातांबे (कोकमाची फळे) कापून आमसुले वाळत घालणे, मासळी खारवणे, आंब्याची पेटी भरणे, भाताची लावणी. काजूच्या टरफलातील तेलाने कातडी भाजते आणि काळी पडते, म्हणून फोडताना हाताला राख किंवा एरंडेल लावतात. तरीही डाग राहतातच. आमच्या एका बैठकीत काजू कारखान्यात काम करणाऱ्या एका ताईंनी हात धुण्याच्या साबणाचे वेष्टन बराच वेळ निरखले आणि म्हणाल्या, “हा हात इतका नितळ आहे, पण तो मळला कशाने, तेच यात नाही.” साबणाच्या जाहिरातीत मळ असायलाच हवा, आणि तरी बाईच्या हाताला तो लागलेला नाही, ही विसंगती त्यांनी माझ्या आधी पकडली होती.

हातांनंतर उभे राहण्याची ढब पाहावी. जाहिरातीतील बाईची मान एका बाजूला कललेली असते, एक गुडघा किंचित वाकलेला असतो, नजर खाली किंवा चौकटीबाहेर कोठेतरी असते; पुरुष दोन्ही पायांवर सरळ उभा राहून थेट समोर पाहतो. दोघे एकत्र असतील तर पुरुष उंच, पुढे किंवा काहीतरी समजावून सांगणारा असतो. कॅमेरा खालून वर धरला की माणूस मोठा वाटतो आणि वरून खाली धरला की लहान. तेव्हा कोणाला खालून आणि कोणाला वरून टिपले आहे, हेही नोंदवावे. ढबीविषयीची निरीक्षणेही गॉफमनने केलेली आहेत, परंतु कोकणी माणसाला ती समजावून सांगण्यासाठी परदेशी अभ्यासकाची गरज नाही, कारण आपल्याकडे दशावतार हे लोकनाट्य आहे.

सिंधुदुर्गातील दशावतारात स्त्रीपात्र परंपरेने पुरुषच रंगवतो. तो नट मान कलवतो, पदराचे टोक बोटात धरतो, नजर झुकवतो, चाल आखडून घेतो, आणि रात्रभर जागणारा प्रेक्षक त्याला राणी म्हणून स्वीकारतो. याचा अर्थ ‘बाईपण’ दाखवणाऱ्या या खुणा शिकता येतात, शिकवता येतात आणि कोणाच्याही अंगावर चढवता येतात. देवळासमोरच्या मांडावर, म्हणजे खेळाच्या जागी, आपल्याला ठाऊक असते, की हे सोंग आहे आणि ते उत्तम वठले आहे. जाहिरातीतील मॉडेललाही छायाचित्रकाराने तशीच ढब सांगितलेली असते, तेथे मात्र आपण तिला बाईचा उपजत स्वभाव समजतो. म्हणून बैठकीत एखाद्या तरुणाला जाहिरातीतील बाईसारखे उभे राहायला सांगावे, आणि एखाद्या मुलीला जाहिरातीतील पुरुषासारखे. लोक हसतील; हसू द्यावे, आणि मग नेमके कशाचे हसू आले हे प्रत्येकाला सांगायला लावावे. त्या मुलाला त्याच ढबीत पाण्याचा हंडा उचलायला सांगितले, तर त्याला तो उचलता येत नाही, आणि हे सर्वांच्या समोर घडते.

याच अदलाबदलीचा वापर जाहिरातदारांनीही केलेला आहे. कॅडबरी चॉकलेटच्या १९९० च्या दशकातील प्रसिद्ध जाहिरातीत फलंदाजाने षटकार मारल्यावर त्याची मैत्रीण मैदानात धावत येऊन नाचते. २०२१ मध्ये तीच जाहिरात पुन्हा तयार झाली, तेव्हा फलंदाज मुलगी होती आणि नाचत येणारा मुलगा. दोन्ही एकामागून एक दाखवाव्यात आणि पहिली पाहताना मुलीच्या हाती बॅट नाही हे कोणाच्या लक्षात आले होते का, असे विचारावे.

या टप्प्यावर एखादी वयस्कर काकी हमखास म्हणते, “पण चुलीपाशी बाईच असते, मग चित्र खोटे कसे?” हा आक्षेप टाळू नये, तो रास्त आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. चित्र खोटे नाही. ते खऱ्यातून निवडून घेतलेले आहे, आणि काय निवडले नाही हे शोधणे आपले काम आहे. त्या २९९ मिनिटांतील थकवा चित्रात नसतो. किनाऱ्यावरच्या बायकांचा दुसरा अर्धा दिवसही नसतो. दापोली तालुक्यातील हर्णै बंदराच्या पुळणीवर होड्या लागतात तेव्हा लिलावात बोली लावणाऱ्या, माल पारखणाऱ्या, उधारी लक्षात ठेवणाऱ्या आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणाऱ्या बायका असतात. आकड्यांचा हिशेब असलेली बँकेची किंवा विम्याची जाहिरात काढून पाहावी: कागद कोणाच्या हातात आहे आणि मान कोण डोलावते? ज्या घरात मासळीचा पैसा बाईच्या कमरेच्या पिशवीत असतो, त्या घरातील मुलगीही हे चित्र पाहून मोठी होते.

पुरुषांचेही असेच होते. जाहिरातीतील नवऱ्याला साधा चहा करता येत नाही आणि बाळाचे लंगोट बदलताना तो गोंधळतो. आपल्याकडे खोल समुद्रात अनेक दिवस राहणाऱ्या नौकेवर खलाशांपैकीच कोणीतरी सर्वांचे जेवण रांधतो. त्याचे चित्र मी अजून एकाही मसाल्याच्या पुडीवर पाहिलेले नाही.

रंगाचा विषय वेगळा काढून बोलावा, कारण तो मुलींना सर्वांत खोल लागतो. भारतात १९७५ पासून विकले जाणारे एक प्रसिद्ध मलम ‘फेअर अँड लव्हली’ या नावाने ओळखले जात होते. २०२० मध्ये कंपनीने त्यातील ‘फेअर’ हा शब्द काढून ‘ग्लो’ घातला. नाव बदलले, तरी गोऱ्या चेहऱ्यांचे प्रमाण सहज बदलत नाही. युनिसेफ आणि माध्यमांतील स्त्री-पुरुष चित्रणाचा अभ्यास करणारी जीना डेव्हिस इन्स्टिट्यूट यांनी भारतीय जाहिरातींवर २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्त्रीपात्रांपैकी ६६.९ टक्के उजळ किंवा मध्यम उजळ वर्णाची होती, तर पुरुषपात्रांपैकी ५२.१ टक्के. वापरण्यापूर्वीचा आणि वापरल्यानंतरचा असे जोडीचे फोटो असतील, तर कातडीकडे न पाहता मागची भिंत, कपड्यांचा रंग आणि डोळ्यांतील पांढरा भाग यांची तुलना करावी. दुसऱ्या फोटोत हे तिन्ही उजळले असतील, तर उजळला तो प्रकाश. चेहऱ्यावरचा भावही पाहावा: पहिल्यात बाई उदास आणि एकटी, दुसऱ्यात आनंदी आणि माणसांत. शेतात आणि पुळणीवर दिवसभर उन्हात राबणाऱ्या मुलीला हा फरक काय सांगतो, हे तिलाच बोलू द्यावे. मध्ये आपण समजूत घालायला जाऊ नये.

ज्या गटांचे स्वतःचे उत्पादन आहे, त्यांनी ही सर्व परीक्षा आपल्या लेबललाही लावावी. आमच्या एका गटाने कोकम आगळाच्या बाटलीसाठी पहिले लेबल छापून घेतले, तेव्हा छापखान्याने नथ घातलेल्या, हातात तबक धरलेल्या एका गोऱ्यापान बाईचे तयार चित्र त्यावर टाकले. गटातील एकाही बाईसारखी ती दिसत नव्हती, आणि तिच्या हातात रातांबाही नव्हता. आम्ही ते लेबल तसेच वापरले, याचे मला अजून वाईट वाटते. पुढच्या वेळी आम्ही कामाचेच फोटो काढले: फळ कापणारे हात, रसात बुडवून पुन्हा उन्हात पसरलेली साले, मिठाचे माप. असे फोटो काढताना संबंधित बाईची संमती आधी घ्यावी, फोटो कोठे कोठे छापला जाईल ते तिला सांगावे, सकाळच्या तिरप्या उन्हात काढावा आणि मोबाइलमधील त्वचा उजळणारी सोय बंद ठेवावी. पुरुष बाटल्या भरत असतील, तर त्यांचाही फोटो घ्यावा.

एखादी जाहिरात खरोखरच अपायकारक वाटली, तर तक्रार कोठे करायची हे ठाऊक असावे. भारतीय जाहिरात मानक परिषद ही १९८५ मध्ये स्थापन झालेली, जाहिरात व्यवसायाने स्वतःवर नियमन ठेवण्यासाठी उभारलेली मुंबईतील संस्था आहे. सावळ्या व्यक्तीला दुःखी, अनाकर्षक किंवा लग्न-नोकरीत मागे पडलेली दाखवू नये, असे तिने २०१४ मध्ये सांगितले. जून २०२२ मध्ये लिंगभेदाच्या साच्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार बाई घर साफ करताना दाखवायला हरकत नाही. परंतु घरच्यांनी पसारा करायचा आणि तो आवरण्याची जबाबदारी तिच्या एकटीची, असे चित्र चालत नाही. केवळ बाई किंवा पुरुष असल्यामुळे एखाद्याला काम जमत नाही, असेही दाखवू नये. स्त्रीदेहाच्या अश्लील चित्रणाविरुद्ध १९८६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली पोलिसांकडे जाता येते. उत्पादनाचा दावाच खोटा असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार मिळतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. कोठेही तक्रार करताना उत्पादनाचे नाव, तारीख, जाहिरात कोठे दिसली, तिचा फोटो आणि नेमक्या कोणत्या दृश्याला आक्षेप आहे, हे लिहावे. ‘जाहिरात वाईट आहे’ एवढ्याने काही होत नाही.

गावातील दुकानदाराच्या फलकासाठी मात्र आधी त्याच्याशीच बोलावे. आमच्या बाजारपेठेतील एका आंबा व्यापाऱ्याच्या फलकावर दरवर्षी हापूसची फोड ओठांशी धरलेली एक मॉडेल असे. गटातील चौघीजणी त्याच्याकडे गेल्या आणि आंबे उतरवण्यापासून आढी लावण्यापर्यंतचे त्याच्याच बागेतील सहा फोटो त्याला दाखवले. त्याने त्या वर्षी काही बदलले नाही. पुढच्या मार्चमध्ये नवा फलक छापायला टाकण्यापूर्वी त्याने निरोप पाठवून झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) आंबा उतरवणाऱ्या बाईचा फोटो मागून घेतला.