कापूस निघायच्या आधी जुन्या पिकअपचे इंजेक्टर तपासून घ्या

नवरात्र जवळ आले की खानदेशात जुन्या पिकअपला उसंत राहत नाही. जामनेर, बोदवड, धरणगावकडे कापसाची वेचणी सुरू होते, मका निघतो, नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची येऊ लागते, आणि रावेर-यावल-चोपड्याच्या केळीला तर बारमाही गाडी लागते. पाऊस ओसरल्यावर आणि माल सुरू व्हायच्या आधी जे आठ-पंधरा दिवस मिळतात, तेवढ्यात गाडीची डिझेलची बाजू तपासून घ्यावी. घड कापून बांधावर ठेवलेत, सावद्याला माल भरायची वेळ ठरली आहे आणि गाडी भर उन्हात मिस मारत, म्हणजे झटके देत, उभी राहिली, तर त्या दिवशी कारागीरही रिकामा सापडत नाही.

हाच काळ निवडायला दुसरे कारण आहे पाणी. ट्रॅक्टरसाठी शेतात डिझेलचा ड्रम ठेवायची आपल्याकडे सवय आहे. पावसाळ्यात ड्रमच्या वरच्या बुचाजवळ पाणी साचते आणि हळूहळू आत उतरते. गाडीची टाकी अर्धी रिकामी राहिली तर रात्रीच्या गारव्यात आतल्या दमट हवेचे पाणी होऊन तेही डिझेलखाली बसते. डिझेल पंप आणि इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेलचा बारीक फवारा मारणारा भाग) यांना वंगण मिळते ते डिझेलचेच. तिथे पाणी आले की बारीक घासलेले भाग गंजतात आणि चिकटतात. म्हणून नवे इंजेक्टर घ्यायच्या आधी डिझेल फिल्टरखालचा पाणी काढायचा स्क्रू सैल करून पारदर्शक बाटलीत थोडे डिझेल उतरवा आणि पाच-दहा मिनिटे स्थिर ठेवा. तळाशी पाण्याचा थर किंवा तपकिरी गाळ दिसला तर टाकी उतरवून धुणे हे पहिले काम. घाणेरड्या टाकीवर नवे इंजेक्टर बसवले तर ते एक हंगामही नीट चालणार नाहीत.

ड्रम आडवा ठेवा, बूच सावलीत राहू द्या, आणि डिझेल तळातून ओढू नका. तळातले चार बोटे डिझेल गाडीत घालूच नये.

डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याबद्दल स्पष्टच सांगतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ (प्रदूषणाच्या सरकारी मानकाचे) डिझेल मिळते, त्यात गंधक १० पीपीएमपेक्षा जास्त नसते. गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक वंगणपणा कमी होतो, तो भरून काढणारी रसायने तेलशुद्धीकरण कारखान्यातच घालतात. अशा डिझेलमध्ये रॉकेल ओतले की तो भरलेला वंगणपणाही पातळ होतो. हायवेवर डिझेल म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या तेलापासूनही लांब राहा. लिटरमागे वाचलेले चार पैसे पंप आणि नोझलच्या (इंजेक्टरच्या फवारा मारणाऱ्या टोकाच्या) कामात कितीतरी पटीने जातात.

आता दोष इंजेक्टरचाच आहे का, ते आधी पाहा. गाडी ओढत नाही म्हटले की पहिला संशय नोझलवर जातो, पण आपल्या भागातल्या धुळीत एअर फिल्टर चोंदणे हे त्याहून नेहमीचे कारण आहे. जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या फिल्टरवर तर रुईचे तंतू बसून जाळी बंद होते. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टर्बोचा फाटलेला होज, टाकीकडून येणाऱ्या पाइपातून हवा ओढणे, घसरणारा क्लच, धरून राहिलेला ब्रेक: हे सगळे इंजेक्टरपेक्षा स्वस्तात सुटते.

धूर पाहून बरेच कळते. चढावर काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. सकाळी थंड इंजिनला पांढरा धूर येऊन डोळे झोंबत असतील तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे. तिथे हीटर प्लग, कॉम्प्रेशन आणि गळणारे नोझल असे तिन्ही तपासावे लागतात. डिसेंबर-जानेवारीत धुळे-जळगावला पहाटेचा पारा एक आकडी होतो, तेव्हा हा दोष हमखास उघडा पडतो. निळा धूर असेल तर इंजिन ऑइल जळते आहे, त्याला इंजेक्टर बदलून काहीही फरक पडणार नाही.

ऑइलची दांडी तर दर आठवड्याला काढून बघावी. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि त्याला डिझेलचा वास आला, तर एखादे नोझल गळते आहे असा जबर संशय घ्या. ते डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली उतरते. अशा अवस्थेत भरलेली गाडी चालवणे म्हणजे रिंगा आणि पिस्टन पणाला लावणे. ती गाडी त्याच दिवशी थांबवा.

फवारणी पंपाचे नोझल झिजले की धुक्याऐवजी धार पडते आणि औषध पानावर पसरत नाही. इंजिनात तेच घडते. धार पडली की डिझेल नीट जळत नाही आणि एकाच जागी जळून पिस्टनला खड्डा पाडते. टाटा २०७ डीआय किंवा जुनी बोलेरो डीआय अशा गाड्यांत इंजेक्टर यांत्रिक असतो आणि साधारण २०० बारच्या (बार हे दाबाचे माप) पुढेमागे उघडतो. नेमका आकडा इंजिनानुसार बदलतो, तो कंपनीच्या पुस्तकातूनच घ्यावा. या गाड्यांत बहुधा पूर्ण इंजेक्टर बदलावा लागत नाही. पंप-नोझलच्या कारागिराकडे चारही इंजेक्टर टेस्टरवर लावून फवारा कसा पडतो, किती दाबाला उघडतो आणि दाब धरून ठेवल्यावर टोकाशी थेंब येतो का, एवढे पाहिले की काय बदलायचे ते ठरते. चारही एकाच दाबाला उघडले पाहिजेत. एक नवा आणि तीन थकलेले बसवले तर इंजिन थरथरतच राहणार.

यांत्रिक इंजिनात कोणता सिलिंडर ढिला आहे हे ओळखायला कारागीर मंद चालत्या इंजिनावर एकेका इंजेक्टरचा पाइप-नट जरासा सैल करतात. ज्याचा नट सैल करूनही आवाज बदलत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. ही युक्ती कॉमन रेल गाडीवर, म्हणजे एकाच जाड नळीत फार दाबाने डिझेल साठवून कॉम्प्युटरने इंजेक्टर उघडणाऱ्या गाडीवर, कधीही करू नका. २०१७ मध्ये बीएस-४ देशभर लागू झाल्यावर आलेल्या बहुतेक पिकअप कॉमन रेलच्या आहेत आणि त्यांच्या पाइपात दाब हजार बारच्या पुढे जातो. ती बारीक धार कातडी फोडून आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आत मात्र डिझेल पसरून बोट किंवा हात गमवायची वेळ येऊ शकते. असे झाले तर दुखत नाही म्हणून घरी थांबू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि दाबाने डिझेल आत शिरले आहे हे डॉक्टरांना सांगा. यांत्रिक इंजिनातही धारेसमोर हात नको, चष्मा घाला.

कॉमन रेल गाडीत इंजेक्टर तपासायची सोपी रीत म्हणजे रिटर्न, म्हणजे इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणारे डिझेल, मोजणे. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन काही मिनिटे मंद चालवायचे. एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा खूपच जास्त डिझेल आले तर तो इंजेक्टर आतून झिजला आहे. गरम गाडी बंद केल्यावर पुन्हा चालू व्हायला त्रास देते, तिथे बरेचदा हेच निघते. नवा किंवा दुरुस्त केलेला इंजेक्टर बसवताना बहुतेक गाड्यांत त्याच्या डोक्यावरचा कोड स्कॅनरने इंजिनच्या कॉम्प्युटरला द्यावा लागतो. स्कॅनर नसलेल्या गॅरेजात हे काम देऊच नका. इंजेक्टर दुरुस्त करून घेतला असेल तर टेस्ट बेंचचा छापील रिपोर्ट मागून घ्या.

बसवताना सगळा खेळ स्वच्छतेचा आहे. इंजेक्टर काढायच्या आधी आजूबाजूची माती ब्रशने आणि हवेने साफ करावी, उघडे पाइप लगेच टोपणांनी बंद करावेत. चिंधी कोंबू नये, तिचे तंतू आत जातात. अडकलेला इंजेक्टर छिन्नीने उचकटू नका, त्यासाठी पुलर मिळतो. इंजेक्टर निघाल्यावर बॅटरी लावून भोकात बघा: जुना तांब्याचा वायसर तळाला चिकटून राहतो आणि त्यावरच नवा बसवला जातो. दोन वायसर झाले की नोझलचे टोक वर राहते आणि फवारा भलतीकडे पडतो. वायसर दर वेळी नवा आणि मूळ जाडीचाच हवा. नट टॉर्क पान्याने, पुस्तकात दिलेल्या मापाने आवळावेत. अंदाजाने आवळलेल्या इंजेक्टरभोवती पुढे काळा डांबरासारखा थर जमतो, तिथून गॅस निसटत असतो.

मग डिझेलच्या पाइपात शिरलेली हवा काढणे. फिल्टरवरचा हातपंप दाबत बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल येऊ द्यावे. कॉमन रेलमध्ये हातपंप घट्ट लागेपर्यंत दाबायचा आणि उच्च दाबाच्या पाइपला हात लावायचा नाही. स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका, मध्ये विसावा द्या.

ताकद वाढवायची म्हणून पंपाचा डिझेलचा स्क्रू वाढवून घेणारे बरेच भेटतात. मोठ्या भोकाची नोझलही विकली जातात. माझे मत ठाम आहे: जुन्या इंजिनाला हे करू नये. हवा तेवढीच राहते, जादा डिझेल काळा धूर होऊन जाते, सायलेन्सरकडची उष्णता वाढते, आणि एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावच्या उन्हात भरलेली गाडी चढावर नेताना पिस्टन वितळायची वेळ येते. पीयूसी आणि फिटनेसलाही अडचण होते. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी करावे लागते. जुन्या गाडीची हरवलेली ताकद परत येते ती चार सारख्या इंजेक्टरांनी, मापात ठेवलेल्या टॅपेटने (व्हॉल्व्हच्या फटीने), मोकळ्या एअर फिल्टरने आणि टायरच्या नीट हवेने. कापूस वजनाला हलका, पण उंच भरलेली गाडी वाऱ्याला अडते. केळी बुटकी भरते पण जड. दोन्ही वेळा ओढ वेगळी लागणार, ते इंजेक्टरचे अपयश समजू नका.

फरक पडला की नाही ते कानावर ठरवू नये. टाकी काठोकाठ भरा, नेहमीच्या रस्त्यावर नेहमीच्या वजनाने दोन-तीनशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. हेच मोजमाप काम करायच्या आधीही करून ठेवलेले असावे. समजा अ‍ॅव्हरेज १० वरून ११ झाले, तर हजार किलोमीटरला जवळपास ९ लिटर डिझेल वाचते. त्या हिशेबाने खर्च किती फेऱ्यांत वसूल होतो ते तुमचे तुम्हाला काढता येईल. चांदसैली किंवा तोरणमाळच्या घाटाने जाणाऱ्यांनी एकदा माल भरून धूर आणि तापमानाचा काटा पाहावा.

नोझल गळत होते असे आढळले असेल तर इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर त्याच वेळी बदला. टाकी धुतली असली तरी उरलेला गाळ पहिल्या काही दिवसांत फिल्टरवर येतो, म्हणून दुसरा डिझेल फिल्टर गाडीतच ठेवा आणि पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर बदलून टाका. त्याच वेळी चारही इंजेक्टरभोवती ओल किंवा काजळी आहे का, तेही बघून घ्या.