एकाच वाफ्यात चार पालेभाज्या : या चुका टाळा

मिश्र वाफा फसला की दोष बियाण्यावर जातो. पण बहुतेक वेळा घोळ पेरणीच्या दिवशीच झालेला असतो : मेथी, धने, पालक आणि माठाचं बी एकत्र कालवून फेकून दिलेलं असतं. मेथी चार-पाच दिवसांत उगवते, धन्यांना आठ-दहा दिवस तरी लागतात. महिन्याभरात मेथी काढणीला येते तेव्हा कोथिंबीर लहानच असते आणि मेथी उपटताना तिचीही मुळं हलतात. माठ उंच वाढून सगळ्यांवर सावली धरतो, ते वेगळंच.

म्हणून ओळी वेगळ्या ठेवा. दोन ओळींत 15 ते 20 सेंमी अंतर पुरे. माठ अशा कडेला लावा की त्याची सावली वाफ्याबाहेर पडेल. धने हलके रगडून दोन फोडी करूनच पेरा. आणि मेथी उपटू नका, जमिनीलगत कापा. तिच्या मुळांवरच्या नत्राच्या (नायट्रोजनच्या) गाठी मातीतच राहू देत.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त खटकते : ताजं शेण. त्यातल्या अमोनियाने कोवळी मुळं करपतात, सोबत तणाचं बी येतं, हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. शिवाय कोथिंबीर आपण बऱ्याचदा कच्चीच खातो आणि कच्च्या शेणात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. कुजलेलं खत ओळखणं सोपं आहे. त्याला मातीचा वास येतो, ढिगात हात घातला तर ऊब लागत नाही, काडी-पान ओळखू येत नाही. असं शेणखत चौरस मीटरला 2 ते अडीच किलो, पेरणीआधीच वरच्या थरात मिसळा.

इतकं करूनही पानं पिवळी पडली, तर आधी कोणती पानं ते बघा. खालची जुनी पानं पिवळी म्हणजे नत्र कमी. अर्धवट कुजलेला पाला किंवा भुसा मातीत गेला असेल तर तो कुजवणारे जीवाणूच नत्र ओढून घेतात. ओळींमध्ये गांडूळखताचा पातळ थर द्या. भरमसाट मात्र नको. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात आणि मावा (रस शोषणारी बारीक कीड) येतो. शेंड्याची नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता आहे. चुनखडीच्या जमिनीत हे हमखास दिसतं, तिथे नत्र वाढवून काही होत नाही. माती ओली असूनही रोपं माना टाकत असतील तर पाणी थांबवा, मुळं गुदमरली आहेत किंवा कुजू लागली आहेत.

पालक आणि माठ एकाच कुळातले, म्हणून एकाची कीड-रोग दुसऱ्यावर सहज जाऊ शकतात. त्यांच्या ओळी शेजारी नकोत, मध्ये मेथी किंवा कोथिंबीर घाला.

जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ वगैरे आंबवून केलेलं द्रावण) किंवा शेणपाणी द्यायचं असेल तर बुंध्याशी मातीतच द्या, खुडायच्या पानांवर शिंपडू नका. मेथीची ओळ रिकामी झाली की तिथे मूठ-दोन मूठ गांडूळखत मिसळून पालक पेरा. पण शेजारी माठ असेल तर कोथिंबीर.