शेवटची गाडी चुकली? आधी पहिल्या गाडीची वेळ बघा

रात्री शेवटची गाडी गेली की घाबरून आपण मिळेल त्या टॅक्सीच्या मागे धावतो आणि दुप्पट पैसे मोजतो. त्याआधी एवढं करा.

१. स्टेशनातून बाहेर पडण्यापूर्वी पहाटेच्या पहिल्या गाडीची वेळ बघा आणि मधले तास मोजा. तीन-साडेतीन तासच असतील तर खोलीवर खर्च करण्यात अर्थ नाही.

२. रात्रीची बस आहे का ते बघा. पुष्कळ शहरांत ती रेल्वेच्याच मार्गाला धरून धावते, पण थांबा स्टेशनच्या दारात नसून मुख्य रस्त्यावर असतो, म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही.

३. अ‍ॅपवरची टॅक्सी लगेच बोलावू नका. गाडी सुटल्या सुटल्या सगळे एकदम मागणी करतात आणि भाडं चढतं. वीस-तीस मिनिटं उजेडात, माणसांत थांबा आणि परत बघा, बहुतेकदा ते उतरलेलं असतं.

४. फोन बॅटरी सेव्हरवर टाका. घरच्यांना लोकेशन पाठवा आणि दोन नंबर कागदावर लिहून ठेवा. फोन बंद पडला की आपल्याला एकही नंबर पाठ नसतो, हे तेव्हाच कळतं!

थांबायचंच असेल तर रात्रभर उघडं असलेलं उपाहारगृह किंवा मोठं बसस्थानक बरं. डुलकी लागणारच, तेव्हा बॅगेचा पट्टा पायात अडकवा, पाकीट आतल्या खिशात ठेवा.

आणि स्टेशनबाहेर स्वतःहून जवळ येऊन ‘चला, सोडतो’ म्हणणाऱ्याच्या गाडीत बसू नका, भाडं कितीही कमी सांगितलं तरी.