आठवण काढताना या चुका टाळा

‘मला अगदी लख्ख आठवतंय’ हे वाक्य पुरावा म्हणून पुढे करणं, ही सगळ्यात मोठी चूक. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ उल्रिक नाइसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की बातमी कुठे कळली, कोणी सांगितली. अडीच वर्षांनी त्यांनाच पुन्हा विचारलं, तर अनेकांच्या उत्तरांचा आधीच्या कागदाशी मेळच बसेना. खात्री मात्र ठाम. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद दाखवला तरी मूळ आठवण परतली नाही. म्हणून जमिनीची बोलणी, अपघात, घरातला वाद, असं काही घडलं की त्याच रात्री तारीख घालून लिहून ठेवा.

याचं एक कारण असं असू शकतं, की आठवण वर काढली की ती काही काळ कच्ची होऊ शकते. २००० साली करीम नादर, ग्लेन शाफ आणि जोसेफ लडू यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात उंदरांना एक सूर ऐकवून पायाला विजेचा झटका दिला. उंदीर त्या सुराला घाबरू लागले. नंतर सूर ऐकवून ती भीती जागी केली आणि लगेच मेंदूतल्या अमिग्डालात, म्हणजे भीतीशी जोडलेल्या भागात, आठवण पुन्हा पक्की व्हायला लागणारी प्रथिनं बनणं रोखणारं औषध सोडलं. भीती ओसरली. सूर न ऐकवता औषध दिलं, तेव्हा काहीच फरक नाही. सूर ऐकवून सहा तासांनी दिलं, तरीही नाही.

यावरून ‘वाईट आठवणी पुसता येतात’ असं म्हणत सुटणं ही दुसरी चूक. माणसांवरच्या प्रयोगांचे निकाल उलटसुलट आहेत. ॲमस्टरडॅममध्ये मेरेल किंट यांनी २००९ मध्ये झटक्याची भीती शिकवलेल्या लोकांना प्रोप्रॅनोलॉल देऊन पाहिलं, तेव्हा भीतीने दचकणं कमी झालं, पण झटका कधी बसतो हे लोकांना पक्कं ठाऊक होतं. ही हृदयाची आणि रक्तदाबाची गोळी, दमेकऱ्याला धोक्याची. मनाने घेऊ नका.

मुलांना विचारताना उत्तर प्रश्नातच कोंबू नका. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये अपघाताची फिल्म दाखवून काहींना गाड्या ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता असं विचारलं, काहींना ‘चक्काचूर होईल अशा आदळल्या’ तेव्हा. आठवड्याने दुसऱ्या गटातल्या ५० पैकी १६ जणांना फुटलेल्या काचा आठवल्या, पहिल्यात ५० पैकी ७ जणांना. काच फुटलीच नव्हती. ‘त्यानेच ढकललं ना?’ ऐवजी ‘काय झालं ते सांग’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा. हे दुसरं जास्त अवघड.

परीक्षार्थींची चूक वेगळी. एकाच धड्यातले आवडते प्रश्न घोकले, की त्याच धड्यातले बाकीचे मागे पडतात. अँडरसन आणि ब्यॉर्क दांपत्याने १९९४ मध्ये हे दाखवलं. ‘अ’ आणि ‘क’ जीवनसत्त्वांवरच स्वतःला विचारत राहिलात, तर ‘ड’ आणि ‘के’ ऐन वेळी दगा देतील. परिणाम फार मोठा नसतो, पण कट-ऑफजवळ तेवढा पुरतो. चिठ्ठ्या टाकून प्रश्न काढा, आणि उत्तर चुकलं तर लगेच पुस्तक उघडून दुरुस्त करा, उद्यावर ढकलू नका.