पुढचे ब्रेक पॅड घरी बदलताना

रिमच्या फटीतून टॉर्च मारली की बाहेरचा पॅड दिसतो आणि पुष्कळजण तेवढं पाहून निश्चिंत होतात. पण आतला पॅड बहुतेक वेळा आधी संपतो, म्हणून चाक काढून दोन्ही बघा. नव्या पॅडचा घर्षणाचा थर साधारण १० मिलिमीटर असतो. ३ मिलिमीटरवर आला की बदलायलाच हवा. इंदूरहून ओंकारेश्वरला वरचेवर जाणाऱ्यांनी, म्हणजे भेरूघाट नेहमी उतरणाऱ्यांनी, थोडं आधीच बदललेलं बरं.

दोन्ही पुढच्या चाकांचा चार पॅडचा पूर्ण सेट घ्या. एकाच बाजूला नवे घातले तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. सोबत सॉकेट पाने (छोट्या गाड्यांत बहुधा १२ किंवा १४ मिलिमीटरचे), सी क्लॅम्प, ब्रेक क्लीनर, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस, तारेचा ब्रश आणि जाड तार लागेल.

गाडी पक्क्या, सपाट सिमेंटवर लावा. माळव्याची काळी माती पावसाळ्यात ओली झाली की जॅक खचतो. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना विटा लावा. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट थोडे सैल करा, मग उचला आणि खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातही घालू नका.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी पाहा. ऑइल खुणेच्या वर असेल तर थोडं काढून घ्या. पॅड पुढे ढकलणारा पिस्टन नंतर मागे दाबला की पातळी वर येते, आणि सांडलेलं ऑइल रंग खातं.

कॅलिपरचे, म्हणजे पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे, मागचे दोन बोल्ट काढा. बोल्टबरोबर पिन (कॅलिपर जिच्यावर सरकतो ती) फिरत असेल तर ती पातळ पान्याने धरा. कॅलिपर सुटला की तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. पॅड उपसण्याआधी मोबाईलवर फोटो काढा: कोणती पत्री, कोणती स्प्रिंग कुठे, हे नंतर त्यावरूनच लागतं. ब्रेकची धूळ फुंकू नका, क्लीनरने धुऊन काढा.

आता जुने पॅड शेजारी ठेवून बघा, कारण ते का झिजले हे तिथेच कळतं. एकच पॅड जास्त खाल्ला असेल, किंवा एकाच पॅडची एक बाजू तिरकी झिजली असेल, तर बहुतेक पिन अडकलेली असते. पिन बाहेर ओढा, जुनं ग्रीस पुसा, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासा. पिन बोटाने ढकलल्यावर सहज सरकली पाहिजे. नाही सरकली तर ती आणि तिचं रबर बदला. पिनला सिलिकॉन ग्रीसच लावा, साधं पेट्रोलियम ग्रीस लावू नका, रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. ही दहा मिनिटं वाचवली तर नवे पॅडही तसेच तिरके झिजतील.

डिस्कच्या कडेवर किंवा मध्यभागी तिची किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियरने (जाडी मोजायच्या पट्टीने) मोजा, त्याहून कमी असेल, किंवा नखाला लागेल अशी खोल रेघ असेल, तर डिस्कही बदला.

जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी क्लॅम्पने हळूहळू दाबा. पिस्टनचं रबर फाटलेलं दिसलं किंवा तिथून ऑइल झिरपत असेल तर काम थांबवा आणि गॅरेज गाठा. नवे पॅड बसवताना घर्षणाच्या पृष्ठभागाला ग्रीसचं बोटही लागू देऊ नका. बोल्ट आणि चाकाचे नट गाडीच्या पुस्तकातल्या टॉर्कप्रमाणे (कसायच्या जोराप्रमाणे) कसा, नट समोरासमोरच्या क्रमाने.

चाक बसवून गाडी खाली उतरवल्यावर, सुरू करण्याआधी, पॅडल कडक होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा. पहिल्या काही दाबांत ते तळाला जातं. पिस्टन मागे ढकललेला असतो. हे विसरून गाडी काढली तर पहिल्याच ब्रेकला ती थांबणार नाही. त्यानंतर ऑइलची पातळी पाहा, कमी असेल तर टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच भरा.

नवे पॅड डिस्कशी घासून जुळवून घ्यायला इंदूरचा सुपर कॉरिडॉर हा रस्ता सकाळी लवकर, रिकामा असताना, चांगला. ताशी ५० वरून १० वर असं आठ-दहा वेळा मध्यम दाबाने आणा, मध्ये गाडी चालू ठेवून ब्रेक थंड होऊ द्या. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहू नका, डिस्कवर डाग पडतो आणि पॅडल थरथरतं. शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासा.