लिफ्ट उचलेना, रेस टिकेना? पंप खोलण्याआधी या चुका टाळा

ट्रॅक्टरची मागचं अवजार उचलणारी लिफ्ट उचलेना की पहिला संशय पंपावर जातो आणि मिस्त्री येऊन वरचं कव्हर खोलतो. मॅसी १०३५ सारख्या ट्रॅक्टरात हायड्रॉलिक पंप पीटीओच्या (अवजारांना इंजिनाची ताकद देणाऱ्या) शाफ्टवर फिरतो. पीटीओचा दांडा न्यूट्रलला असेल, तर पंप फिरणारच नाही. ग्राउंड स्पीडला (चाकांच्या वेगाशी जोडलेल्या जागी) पडला असेल, तर ट्रॅक्टर चालताना लिफ्ट उचलेल, उभा केला की नाही. ऐन पेरणीत आमचा अर्धा दिवस या एका दांड्यापायी गेला.

मग लिफ्टचं ऑइल. ट्रॅक्टर सपाट जागी लावा आणि डिप काढून बघा. दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. वरून दोन लिटर ओतून भागत नाही. सगळं काढा, जाळी धुवा, मग नवं भरा. इंजिनातलं काळं ऑइल तर त्यात कधीच ओतू नका, कारण लिफ्टचं हेच ऑइल गिअरलाही लागतं.

नांगर उचलतो, पण वर धरल्यावर सारखा उचक्या दिल्यासारखा हलतो आणि इंजिन बंद केलं की हळूहळू खाली बसतो? अशा वेळी पंप बदलायला पैसे घालू नका. दाब तयार होतोय, तो टिकत नाही. आधी लिफ्टच्या सिलिंडरची रिंग आणि सील बघा. त्याआधी नांगर जमिनीवर टेकवा. उचललेल्या अवजाराखाली कुणीही हात घालू नये.

आता गव्हर्नर, म्हणजे इंजिनाची रेस सांभाळणारा भाग. इंजिन आपोआप वर-खाली व्हायला लागलं की डिझेल पंपाचं सील तोडून स्क्रू पिळला जातो. ही सगळ्यात महागडी चूक. पुष्कळदा दोष डिझेलमधल्या हवेचा असतो. फिल्टरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सैल करून हातपंप मारा. बुडबुडे थांबतच नसतील तर टाकीपासूनचे जोड आणि तांब्याचे वॉशर तपासा. रेसच्या दांड्याच्या झिजलेल्या पिनाही हलवून बघा.

काही जुन्या इंजिनांत गव्हर्नर हवेच्या ओढीवर चालतो. मॅनिफोल्डपासून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळापासून) डिझेल पंपाकडे जाणारी बारीक नळी चिरली किंवा आतला पडदा फाटला, की स्प्रिंग डिझेल पूर्ण सोडते आणि इंजिन बेफाम पळतं. अशा वेळी स्टॉप ओढा. तरीही थांबेना, तर एअर क्लीनरच्या तोंडावर सपाट फळी दाबा. तिथे तळहात लावू नका.